संगणकाची स्मृती : घेण्यापूर्वीची पारख



सोलापूरहून आगगाडीने गाणगापूर रोडकडे जाताना वाटेत होटगी जंक्शन लागते. दत्तदर्शनासाठी निघालेल्या मराठी यात्रेकरूंच्या कित्येक पिढ्यांनी तेथे दोन प्रकारचे रूळ पाहिले. वाडीकडे जाणारा मार्ग १६७६ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे ब्रॉडगेज. आणि विजापूर-गदगकडे जाणारा अवघ्या १००० मिलिमीटरचा, म्हणजे मीटरगेज. मालाचा डबा कितीही भक्कम असो, एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर एक पाऊलही सरकत नसे. माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. चालू शतकाच्या पहिल्या दशकात गदगचा मार्ग रुंद झाला आणि ती अडचण संपली. परंतु डबा चांगला असणे वेगळे आणि तो आपल्या रुळांस जुळणे वेगळे, हा त्यातला बोध संगणकाच्या बाबतीत आजही तितकाच खरा आहे.

आपल्या सीमाभागातील अनेक शाळांत, ग्रामपंचायतींत आणि ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या लहान दुकानांत आठ-दहा वर्षांपूर्वीचे संगणक आहेत. ते मंदावले की कोणीतरी सुचवितो, ‘यात रॅम वाढवा.’ सल्ला पुष्कळदा योग्य असतो. नव्या यंत्रापेक्षा रॅमची एक पट्टी फारच स्वस्त पडते. परंतु गाणगापुरासारख्या गावी असा सुटा भाग घ्यावयाचा म्हणजे कलबुर्गी अथवा सोलापूर गाठावे लागते. आणलेली पट्टी बसली नाही तर दुसरी खेप, दुसरा दिवस आणि दुकानदाराशी वाद हे ठरलेले. पालकांच्या वर्गणीतून दहा पट्ट्या आणल्या आणि दहाही निरुपयोगी ठरल्या, तर ते पैसे वाया जातातच, पण मुलांची संगणकाची खोलीही बंद राहते. म्हणून पारख आधी करावी, खरेदी नंतर.

ही पारख करण्याची गरजच का पडते, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली भारतीय शास्त्रज्ञांनी बांधलेला मोठा संगणक चालू झाला. १९६२ साली त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती आणि तीत प्रत्येकी ४० अंकस्थानांचे २०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबाने ही साठवण सुमारे १० किलोबाइट होते. आज बाजारात मिळणारी ८ जीबीची पट्टी तिच्या आठ लाखांहून अधिक पट मोठी आहे. परंतु टिफ्रॅकच्या कर्त्यांना स्मृती यंत्राशी जुळेल की नाही ही चिंता नव्हती, कारण यंत्र आणि स्मृती यांची रचना त्यांनी एकत्रच केली होती. आज प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा आणि रॅम तिसरीची असते. या तिघांचा मेळ बसतो तो जेडेक या संस्थेने ठरविलेल्या मानकांमुळे. ही मानके पिढ्यांची आहेत. डीडीआर-३ चे २००७ चे, डीडीआर-४ चे २०१२ चे आणि डीडीआर-५ चे २०२० चे. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खोबणीत चालत नाही, हा पहिला नियम होय.

नियमाची खूण पट्टीवरच आहे. तिच्या सोनेरी पिनांच्या ओळीत एक खाच असते आणि प्रत्येक पिढीत ती निराळ्या जागी असते. येथे केवळ पिना मोजून भागत नाही. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोहोंच्या मोठ्या पट्टीस २४० पिना आहेत. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोहोंस २८८ आहेत. तरीही खाच निराळी आणि विजेचा दाबही निराळा. डीडीआर-३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर-४ ला १.२ आणि डीडीआर-५ ला १.१. म्हणून पट्टी सहज बसत नसेल तर जोर लावू नये. खाच जुळत नाही, याचा अर्थ वस्तूच आपली नव्हे.

दुसरा प्रश्न प्रोसेसरला विचारावयाचा. पूर्वी स्मृतीवर ताबा ठेवणारा भाग मदरबोर्डवर असे. एएमडी कंपनीने २००३ साली आणि इंटेलने २००८ साली तो आपापल्या प्रोसेसरच्या पोटातच आणला. तेव्हापासून कोणत्या पिढीची, किती वेगाची आणि जास्तीत जास्त किती स्मृती चालेल, यात प्रोसेसरचा शब्द महत्त्वाचा ठरला. परंतु तो एकटाच निर्णायक नाही. २०२१ साली आलेला इंटेलचा बाराव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर डीडीआर-४ आणि डीडीआर-५ दोन्ही चालवू शकतो. मात्र आपल्या मदरबोर्डवर खोबणी ज्या पिढीच्या असतील तीच पट्टी घ्यावी लागते. याउलट २०२२ साली आलेल्या एएमडीच्या एएम-५ बैठकीच्या प्रोसेसरला फक्त डीडीआर-५ चालते. येथे निवडीस जागाच नाही.

तिसरा प्रश्न मदरबोर्डला. समजा, शाळेतील यंत्रात इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय-थ्री आहे आणि मदरबोर्ड एच-८१ जातीचा आहे. प्रोसेसरच्या तपशिलात कमाल स्मृती ३२ जीबी लिहिलेली आढळेल. परंतु या मदरबोर्डास दोनच खोबणी आणि मर्यादा १६ जीबीची, म्हणजे प्रत्येक खोबणीत फार तर ८. दोन मर्यादांपैकी जी लहान, ती खरी. यंत्रात आधीच ४ जीबीची एक पट्टी असेल तर तिच्या शेजारी ८ जीबीची बसविता येते. तथापि सारख्या आकाराच्या दोन पट्ट्यांची जोडी, मदरबोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खोबणींत बसविल्यास, अधिक चांगली चालते.

वेगाविषयी पुष्कळांना अकारण भीती वाटते. पिढी एकच असेल तर वेगवान पट्टी बहुधा मंद यंत्रातही चालते. फक्त ती यंत्राच्या वेगाने चालते. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोघी मंद पट्टीच्या चालीने चालतात. तेव्हा जुन्या यंत्रासाठी वेगाचे जादा पैसे मोजणे व्यर्थ होय.

आणखी तीन सावधगिऱ्या. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. ती डेस्कटॉपच्या खोबणीत बसत नाही. काही लॅपटॉपांत तर स्मृती मदरबोर्डवरच पक्की सांधलेली असते, तेथे वाढीचा प्रश्नच उरत नाही. दुसरे, मोठ्या सर्व्हरमधून काढलेल्या ‘रजिस्टर्ड’ पट्ट्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात; त्या साध्या संगणकात चालत नाहीत. तिसरे, यंत्रातील प्रणाली ३२ बिटांची असेल तर साधारणतः ४ जीबीच्या पुढची स्मृती तिला वापरता येत नाही.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. प्रथम दुखणे स्मृतीचेच आहे काय, ते पाहावे. विंडोज यंत्रात टास्क मॅनेजर उघडून मेमरीचे पान पाहावे. नेहमीचे काम चालू असताना स्मृती जवळजवळ भरलेली दिसली तर वाढ उपयोगी पडेल. ती अर्धी रिकामी असेल तर मंदपणाचे कारण दुसरे आहे. पुष्कळदा ते जुनी हार्ड डिस्क असते. त्याच पानावर स्मृतीचा वेग आणि किती खोबणी वापरात आहेत तेही दिसते. सीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्रॅम प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची नेमकी नावे आणि स्मृतीची पिढी सांगतो. ही नावे वहीत उतरवून दोन्ही उत्पादकांच्या संकेतस्थळांवर त्यांचे तपशील पाहावेत. तयार कंपनीचे यंत्र असेल तर त्याच्या मॉडेल क्रमांकावरून शोध घ्यावा. मदरबोर्डाच्या पानावर तपासून पाहिलेल्या पट्ट्यांची यादी असते. यादीतील पट्टी मिळाल्यास उत्तमच.

मग यंत्र बंद करून, विजेची तार काढून, जुनी पट्टी अलगद बाहेर काढावी. तत्पूर्वी धातूच्या पेटीस हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. पट्टीवरील चिठ्ठीचे छायाचित्र घ्यावे. तीवर ‘पीसी३एल-१२८००’ असे काही लिहिलेले असते. यातील ३ म्हणजे तिसरी पिढी. ‘एल’ म्हणजे १.३५ व्होल्टच्या कमी दाबावरही चालणारी; आणि १२८०० ला ८ ने भागले की १६०० हा वेग मिळतो. चिठ्ठी वाचता आली की दुकानदाराशी नेमकेपणाने बोलता येते. बिलावर पट्टीचा पूर्ण तपशील आणि न जुळल्यास बदलून देण्याची अट लिहून घ्यावी. दहा यंत्रे असली तरी प्रथम एकच पट्टी आणावी. ती बसवून मेमटेस्ट-८६ सारख्या प्रोग्रॅमने रात्रभर तपासावी आणि मगच उरलेल्या नऊ मागवाव्यात. मात्र दहाही यंत्रे एकाच घडणीची आहेत, ही खात्री आधी झाली पाहिजे. देणगीतून आलेली यंत्रे बाहेरून सारखी दिसतात, आतून सारखी असतातच असे नाही.

शेवटी शिक्षक या नात्याने एक सुचवितो. ही तपासणी तंत्रज्ञावर सोपवून मोकळे होऊ नये. आठवी-नववीची मुले ती सहज करू शकतात. एकाने यंत्राचे नाव वाचावे, दुसऱ्याने चिठ्ठी वाचावी, तिसऱ्याने तक्ता करावा आणि मर्यादा कोणाची लहान हे सर्वांनी मिळून ठरवावे. मराठी शाळा असो की कन्नड, तक्ता तोच राहील. वर्गणी देणाऱ्या पालकांसमोर तो तक्ता भिंतीवर लावला, तर आपला पैसा कोठे गेला हे त्यांस कळेल. आणि मुलांना कळेल की यंत्र उघडून पाहावयाची वस्तू आहे, नुसती भिऊन दुरून पाहावयाची नव्हे.