न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द

बोलक्याचे हुलगेही खपतात आणि अबोलाचे गहूही पडून राहतात, अशा अर्थाची एक म्हण बाजारपेठेत जुनी आहे. ती ज्या काळी रूढ झाली, त्या काळी दुकानदार आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसत. इंदूरच्या कापड बाजारात आजही महेश्वरी साडी घ्यावयास आलेली गृहिणी दुकानाच्या गादीवर बसते, दुकानदार घडी उलगडतो, ती काठ उलटसुलट करून पाहते, पोत बोटांनी चाचपते, रंग दारापाशी उजेडात नेऊन न्याहाळते आणि मग भावाची गोष्ट निघते. अशा वेळी दुकानदार चार शब्द कमी बोलला तरी फारसे बिघडत नाही. कारण त्याच्या वतीने माल स्वतःच बोलत असतो.

इंटरनेटवरील दुकानात ही सोय उरत नाही. तेथे गादी नाही, उजेडाचे दार नाही आणि बोटांना पोत लागत नाही. वडोदऱ्याचे किंवा हैदराबादचे गिऱ्हाईक रात्री घरी बसून मोबाइलवर दोनचार शब्द लिहिते आणि त्याच्यापुढे साड्यांच्या चित्रांची रांग उभी राहते. महेश्वरच्या विणकराची साडी त्या रांगेत येईल की नाही, आणि आली तरी ते गिऱ्हाईक ती विश्वासाने मागवील की नाही, हे त्या साडीविषयी विक्रेत्याने आधी काय लिहून ठेवले आहे ह्यावर ठरते. ह्या लिहिण्यालाच मालाची नोंद म्हणतात. वरवर पाहता ते कारकुनी काम आहे. वस्तुतः ती नोंद म्हणजेच संपूर्ण दुकान होय.

माल शोधून देणाऱ्या यंत्रणेचा इतिहास फार जुना नाही. गूगल कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये ‘फ्रूगल’ ह्या नावाने केवळ विक्रीच्या वस्तूंचा शोध घेणारी सेवा सुरू केली. पुढे तिचे नाव बदलत गेले. २०१२ साली अमेरिकेत तेथील जागा पैसे भरणाऱ्या विक्रेत्यांपुरती ठेवण्याचे धोरण आले. भारतात ही सेवा डिसेंबर २०१८ मध्ये अवतरली. आणि २०२० साली, प्रथम अमेरिकेत व मग इतर देशांत, विनामूल्य नोंदींना पुन्हा वाव मिळाला. जाहिरातीसाठी भांडवल नसलेल्या लहान व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा शेवटचा बदल महत्त्वाचा आहे. पैसा नसला तरी त्याला रांगेत उभे राहता येते. मात्र त्याची नोंद उभी राहण्याच्या लायकीची असली पाहिजे.

ह्या नोंदी पाठवावयाच्या त्या ‘मर्चंट सेंटर’ नावाच्या ठिकाणी. तेथे पाठवलेली यादी म्हणजे एक लांबरुंद तक्ता असतो. प्रत्येक वस्तूला एक ओळ आणि प्रत्येक गुणाला एक रकाना: क्रमांक, नाव, वर्णन, चित्र, भाव, शिल्लक आहे की नाही, रंग, माप, कशापासून बनवली, इत्यादी. गिऱ्हाइकाने लिहिलेले शब्द आणि ह्या रकान्यांतील शब्द यांचा मेळ यंत्र घालते. यंत्राला साडीचा मोह नाही आणि विणकराची कीवही नाही. जे लिहिलेले नाही, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

नाव लिहिण्यातच पहिली चूक होते. एखादा विक्रेता ‘अतिसुंदर साडी, खास सवलत, त्वरा करा’ असे लिहितो. ह्या सगळ्या शब्दांत मालाची ओळख पटवणारा शब्द एकच, ‘साडी’. आणि तो तर रांगेतील प्रत्येक वस्तूपाशी आहे. त्याऐवजी ‘महेश्वरी हातमाग साडी, रेशमी ताणा व सुती बाणा, बुगडी काठ, मोरपंखी, साडेपाच मीटर’ असे लिहिले, तर शोधणाऱ्याला आणि यंत्राला दोघांनाही वस्तू कळते. नावासाठी १५० अक्षरांची मर्यादा आहे. परंतु पडद्यावर बहुधा पहिला अर्धा भागच दिसतो, म्हणून महत्त्वाचे शब्द आधी यावयास हवेत. सवलतीची दवंडी ह्या रकान्यात नियमानेच वर्ज्य आहे. तिची जागा अन्यत्र आहे.

वर्णनाला ५००० अक्षरांपर्यंत मुभा आहे. ती सगळी भरलीच पाहिजेत असे नाही. दुकानात गिऱ्हाईक जे प्रश्न विचारते, त्यांची उत्तरे वर्णनात आली म्हणजे पुरे. साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते काय? ब्लाउज पीस आहे की नाही? घरी धुतली तर चालेल काय? तसेच, एकाच वस्तूला गावोगावी निरनिराळी नावे असतात. मराठी घरांत जिला इरकल म्हणतात, ती कर्नाटकातील इलकल गावाची साडी. तिच्या भौगोलिक मानांकनातही इलकल हेच नाव आहे. बेळगावच्या व्यापाऱ्याने दोन्ही नावे लिहिली, तर पुण्याची आजी आणि बेंगळूरची नात ह्या दोघीही त्याच्या दुकानापर्यंत येतील. मात्र पैठणी, बनारसी, कांजीवरम अशी जी ती साडी नाही त्यांची नावेही गर्दी खेचण्याकरिता घुसडणे म्हणजे पाटीवर एक आणि फळीवर दुसरेच, असा प्रकार होय.

चित्राचीही गोष्ट अशीच आहे. मुख्य चित्रावर दुकानाचे नाव, सवलतीचा आकडा किंवा कोणतीही अक्षरे छापलेली चालत नाहीत. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या चित्रात मोरपंखी रंग शेवाळी दिसतो आणि पार्सल उघडल्यावर भांडण होते. म्हणून चित्र दिवसाच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर काढावे आणि रंग शब्दांतही लिहावा. एकाच वाणाच्या चार रंगांच्या साड्या असतील, तर प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक व स्वतंत्र चित्र द्यावे, आणि त्या चौघी एकाच गटाच्या आहेत हे त्यासाठी असलेल्या रकान्यात नोंदवावे. एकदा दिलेला क्रमांक साडी विकली गेल्यावर दुसऱ्या साडीला चिकटवू नये. खतावणीत एकाचे खाते दुसऱ्याच्या नावावर चढवण्यासारखेच ते आहे.

कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत आणखी एक रकाना येतो. तो वेष्टनावरील काळ्या पट्ट्यांखाली छापलेल्या क्रमांकाचा. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय ह्या गावच्या एका दुकानात च्युइंग गमचे पाकीट ह्या पट्ट्यांवरून प्रथम विकले गेले. भारतात घेतलेले तेरा अंकी क्रमांक ८९० ने सुरू होतात. त्यावरून तो क्रमांक भारतीय संस्थेने दिला एवढेच कळते. माल भारतात बनला, असा त्याचा अर्थ नव्हे. तेरावा अंक हा पडताळ्याचा असतो. पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ यांनी गुणून बेरीज करावयाची. ती दहाच्या पुढील पटीपर्यंत नेण्यास जो अंक कमी पडेल, तोच तेरावा. ही रीत असल्यामुळे मनाने रचलेला क्रमांक दहांपैकी नऊ वेळा तेथल्या तेथे पकडला जातो. हाताने विणलेल्या साडीला असा क्रमांक बहुधा नसतोच. तेव्हा ‘क्रमांक नाही’ असे नोंदवण्याची सोय आहे आणि तेच लिहावे. दुसऱ्याच्या मालाचा क्रमांक उसना घेण्यात शहाणपण नाही.

येथवर सांगितलेले काम एकदाचे आहे. खरी कसोटी लागते ती नोंद सांभाळण्यात. जुन्या पेढीवर दिवेलागणीनंतर किर्द पुरी झाल्याखेरीज मुनीम उठत नसे. इंटरनेटवरील नोंदीलाही तीच शिस्त हवी. यादीतील भाव, दुकानाच्या पानावरील भाव आणि पैसे भरताना दिसणारा भाव हे तिन्ही एकच असले पाहिजेत. यंत्र मधून मधून स्वतः त्या पानावर जाऊन पडताळा पाहते. तफावत आढळली, तर ती वस्तू शोधातून काढली जाते. हा प्रकार वारंवार घडला, तर संपूर्ण खातेच बंद पडू शकते. शिवाय तीस दिवसांत ताजी न केलेली नोंद आपोआप बाद होते.

हातमागाच्या बाबतीत शिल्लकेचा प्रश्न विशेष नाजूक आहे. कारखान्याच्या मालाचे शंभर नग सारखे असतात. विणकराची एखादी साडी एकटीच असते. ती सकाळी महेश्वरच्या दुकानात एखाद्या यात्रेकरूने विकत घेतली आणि नोंद तशीच राहिली, तर सायंकाळी वडोदऱ्याची एखादी आई मुलीच्या लग्नासाठी तीच साडी पसंत करून पैसे भरते. दोन दिवसांनी तिला ‘माल संपला’ असा निरोप जातो. पैसे परत मिळतात. गेलेला मुहूर्त परत मिळत नाही आणि त्या गिऱ्हाइकाचा विश्वासही परत मिळत नाही. पाडवा किंवा दिवाळीच्या गर्दीत ही चूक हमखास घडते. नग विकला की पैसे गल्ल्यात टाकण्यापूर्वी नोंद बदलणे, एवढा एकच नियम पाळला तर ती टळते.

कायदाही ह्या कामी मूक नाही. वेष्टनबंद मालाविषयीच्या वैधमापन नियमांत दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१८ पासून उत्पादकाचे नाव, निव्वळ परिमाण, कमाल किरकोळ किंमत ही माहिती इंटरनेटवरील दुकानातही दाखवणे बंधनकारक झाले. जुलै २०२० मध्ये आलेल्या ई-वाणिज्याच्या ग्राहक संरक्षण नियमांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. वर्णन प्रत्यक्ष मालाशी जुळले पाहिजे, विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाची स्तुती लिहू नये, आणि जाहीर केलेल्या गुणांचा माल नसेल तर तो परत घेण्यास नकार देऊ नये, असे ते नियम सांगतात. पूर्वी कापडवाले ओळखीच्या घरी जांगड माल पाठवीत. पसंत पडला तर ठेवावा, नाही तर परत करावा. तो व्यवहार ओळखीवर चाले. आज ओळखीची जागा नोंदीने घेतली आहे.

ह्या सर्व खटाटोपात खरोखर पणास काय लागले आहे, हे कोल्हापुरी चपलेच्या उदाहरणाने स्पष्ट होते. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते दोन राज्यांतील आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर. म्हणजे अथणीच्या कारागिराने हाताने बनवलेली चप्पलही कोल्हापुरीच. सीमेवरून वाद असतील. चपलेच्या नावावर दोन्हीकडच्या कारागिरांचा हक्क सारखाच आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा ह्या कंपनीने कोल्हापुरीसारखीच पादत्राणे मांडली, ती केवळ चामड्याच्या चपला म्हणून. भारतातून आक्षेप घेतला गेला आणि त्यानंतर कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले. साऱ्या वादाचे मूळ नाव न लिहिण्यात होते.

तेथे नाव वगळले गेले. येथील बाजारात उलट प्रकार घडतो. साच्यातून काढलेल्या रेक्झिनच्या चपलेला ‘अस्सल कोल्हापुरी’ आणि यंत्रमागाच्या कापडाला ‘हातमाग’ असे लिहिले जाते. यंत्राला चामड्याचा वास येत नाही. ते शब्दावर विसंबते. खोट्या नोंदीची वस्तू स्वस्त असते, म्हणून ती आधी विकली जाते. फसलेले गिऱ्हाईक त्या एका विक्रेत्यावर रागावून थांबत नाही. ‘हातमाग’ ह्या शब्दावरचाच त्याचा विश्वास उडतो. मग महिनोन्महिने मागावर बसलेल्या विणकराने खरे लिहिले तरी ते कोणी खरे मानीत नाही. पूर्वी मापात पाप होई, ते एका गावापुरते राही. शब्दातले पाप सगळ्या बाजारात पसरते.

म्हणून नोंद पाठवण्यापूर्वी एक साधी परीक्षा पुरेशी आहे. विक्रेत्याने माल आपल्या हाती धरावा आणि घरातील एखाद्या माणसाला डोळे मिटून बसवून ती नोंद मोठ्याने वाचून दाखवावी. ऐकणाऱ्याने डोळे उघडून मालाकडे पाहिल्यावर ‘मला हेच वाटले होते’ असे म्हटले, तर नोंद उत्तम झाली. ‘हे होय!’ असे त्याच्या तोंडून आले, तर ती पुन्हा लिहावी. आणि माल बदलला, भाव बदलला किंवा शेवटचा नग विकला गेला, तर त्याच दिवशी पुन्हा लिहावी.