खिळे कोणी जुळवले?



पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये एक छापखाना होता. हे मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं जे मराठी भाषांतर केलं, ते तिथेच छापलं गेलं. खेड्यातल्या बाईलाही कळेल अशी साधी मराठी हवी, हा त्यांचा आग्रह. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. तो त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि ते रास्तच आहे. पण त्याचे खिळे कोणी जुळवले?

मिशनमधल्या बायकांनी आणि मुलींनी. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना केडगावला घेऊन आल्या. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. इथे त्या वाचायला शिकल्या, कोणी विणकाम शिकल्या, कोणी छपाई. हाताने खिळे जुळवणं म्हणजे काय, हे आजच्या तरुण श्रोत्यांना सांगायला हवं. शिशाचं एकेक अक्षर, तेही उलटं, खणातून उचलायचं आणि ओळीत बसवायचं. मराठीत काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं, म्हणजे खणही कितीतरी. मुद्रितात चूक निघाली की ओळ सोडवा आणि पुन्हा बसवा. छापून झालं की तेच खिळे धुऊन जागच्या जागी टाका, उद्याच्या पानासाठी. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सहासष्ट पुस्तकं या रीतीने उभी राहिली. मग घड्या, शिलाई, बांधणी. या बायकांपैकी एकीचंही नाव तुम्हाआम्हाला चटकन सांगता येणार नाही.

आता त्याच ग्रंथातली एक जागा दाखवतो. प्रेषित पौलाने रोममधल्या मंडळीला लिहिलेलं पत्र आपण सगळे पौलाचंच म्हणतो. पण पौल सांगत होता आणि लिहून घेणारा दुसराच होता. त्याचं नाव तर्तियुस. सोळाव्या अध्यायात शेवटाजवळ तो हळूच स्वतःचा एक नमस्कार घालतो आणि बाजूला होतो. इतक्या मोठ्या पत्रात त्याच्या वाट्याला एवढीच एक ओळ. मला हा माणूस फार आवडतो. आणि पौलाने ती ओळ खोडली नाही, हेही आवडतं. त्याच अध्यायात पौल नावांमागून नावं घेतो: फिबी, मरिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस. कोणी मदत केली, कोणी श्रम केले, असं मुद्दाम सांगतो. या सगळ्या बायका आहेत, हे ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल.

म्हणजे गुप्तपणे सेवा करा असं सांगणाऱ्या धर्माच्या पुस्तकात नावांची यादीही आहे. हे जुळतं कसं?

डोंगरावरच्या प्रवचनात येशूने बजावलं की दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवू नका, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका. आपल्या ख्रिस्ती देवळांतल्या बाकांवर आणि पंख्यांच्या पात्यांवर दात्यांची नावं रंगवलेली असतात, तिथे हा अध्याय वाचला जातो तेव्हा थोडी गंमत वाटते. पण त्याच प्रवचनात, थोडं आधी, तुमचा प्रकाश लोकांना दिसू द्या असंही त्याने सांगितलं आहे. माझ्या समजुतीप्रमाणे काम दिसावं, ते ज्याच्यासाठी केलं तो प्रभू दिसावा, करणाऱ्याने मध्ये उभं राहू नये. रमाबाईंनी हे साधलं. स्तुती म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. वयाच्या विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं होतं. मिशन चालवायला पैसा लागे, म्हणून देशविदेशांतल्या लोकांना कामाची माहितीही त्या देत राहिल्या. काम झाकून ठेवलं नाही. आणि सभा गाजवू शकणारी ही बाई आयुष्याच्या अखेरीस केडगावात भाषांतर करत बसली होती.

सेवा म्हणजे काय, हे येशूने स्वतः करूनही दाखवलं. शेवटच्या भोजनाच्या वेळी त्याने शिष्यांचे पाय धुतले. ते घरच्या गुलामाचं काम, म्हणून पेत्र आधी नकोच म्हणाला. पवित्र गुरुवारी कित्येक देवळांत हा विधी होतो. ज्यांचे पाय धुवायचे ते बहुधा घरूनच स्वच्छ धुऊन आलेले असतात! विधीबद्दल माझी तक्रार नाही. पण धूळ भरलेले पाय त्या दिवशी देवळात नसतात. ते इस्पितळात असतात, वृद्धाश्रमात असतात, आणि ते धुणारीही तिथेच असते, रोज.

इथे मला एका गैरसमजाबद्दल स्पष्ट बोलायचं आहे. स्तुतीची अपेक्षा ठेवू नका, हे सेवा करणाऱ्याला सांगितलेलं आहे. सेवा घेणाऱ्याने आभार मानू नयेत, असं कुठेही सांगितलेलं नाही. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, परत आला एकच, तेव्हा बाकीचे नऊ कुठे आहेत असं त्याने विचारलंच. आपण मात्र दुसऱ्याच्या निरपेक्षतेचा सोयीने फायदा घेतो. देऊळ झाडणारी, सणाच्या जेवणाची भांडी घासणारी, आजाऱ्यांना डबा पोचवणारी बाई काही मागत नाही, म्हणून तिला काही द्यायला नको, अगदी दोन शब्दसुद्धा नकोत, असं आपण ठरवून टाकतो. कधी तर तिच्या मजुरीलाच सेवा म्हणून मोकळे होतो. हा सरळ अन्याय आहे.

तेव्हा मंडळीच्या कार्यकारिणीतल्या श्रोत्यांना एक विनंती. यंदाचा वार्षिक अहवाल छापायला द्याल तेव्हा देणगीदारांच्या यादीखाली झाडणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या माणसांचीही नावं घाला. त्यांना विचारून घाला. नको म्हणाले तर नाव गाळा, पण घरी जाऊन आभार मात्र माना. आणि कामाचे पैसे राहिले असतील, तर ते आधी द्या.