ऐपतीचा प्रश्न

इंग्लंड-वेल्समध्ये वकिली, सर्व्हे आणि क्लेम्सचं काम करणाऱ्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

 

परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या क्षेत्रातल्या घडामोडींचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. घेतो. एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणीचं प्रमाणपत्र, संपलेल्या गाडीचा मालक भाड्याच्या गाडीचा खर्च मागू शकतो की नाही, यावर खालच्या कोर्टांत जो गोंधळ चालला होता, तो अली विरुद्ध एचएसएफ लॉजिस्टिक्स या खटल्यात अपील कोर्टाने 2024 साली निस्तरला. नुसती एमओटी नव्हती म्हणून दावा बुडत नाही. मानदुखीच्या दाव्यांचं पोर्टल मे 2021च्या अखेरीस आलं, त्याने आपल्यातल्या किती जणांचं काम गेलं हे मी सांगायला नको. सकाळच्या सत्रांत या दोन्हींवर भरपूर बोलून झालं आहे. आढावा मी इथेच थांबवतो. वीस वर्षं एक गोष्ट मनात धरून आहे, ती आज बोलणार आहे.

ती गोष्ट एका शब्दापासून सुरू होते. शब्द आहे 'फुकट'.

आपला माणूस सिग्नलला उभा आहे. मागून कोणीतरी येऊन धडकतं. चूक सरळ सरळ मागच्याची. हा घाबरलेला, मान धरून बसलेला, आपल्या विमा कंपनीला फोन लावतो. पलीकडची मुलगी फार प्रेमाने बोलते. स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम केलात तर एक्सेस भरावा लागेल, नो-क्लेम बोनसला धक्का लागेल, त्यापेक्षा मी तुम्हाला आमच्या पार्टनर कंपनीशी जोडून देते. दोन तासांत दारात गाडी. तुमच्या गाडीच्या तोडीची. एक पेनी लागणार नाही. संध्याकाळी तो घरच्यांना सांगतो, 'फुकट गाडी मिळाली.' आणि आपण, हो, आपणसुद्धा, लग्नकार्यात कोणी विचारलं तर तोच शब्द वापरतो. भारतात आपल्याकडे गाडी गॅरेजला गेली की माणूस रिक्षा करतो आणि गप्प बसतो. तिथून आलेल्याला ही सोय म्हणजे विलायतेची मेहेरबानी वाटते.

ती गाडी फुकट नाही. ती उधार आहे. करार तुमच्या नावाने, भाडं रोजच्या हिशेबाने तुमच्या डोक्यावर चढतं, वसुली पुढे ढकललेली असते एवढंच. समोरच्याच्या विमा कंपनीने पैसे दिले नाहीत तर दावा तुमच्या नावाने लागतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे ज्याला लहानपणापासून ऐकवलं, त्याला आपण ती पायरी त्याच्या नकळत चढवतो. गाडी दारात सोडायला आलेला पोरगा टॅबलेट पुढे करतो, 'इथे बोट फिरवा' म्हणतो, आणि काम झालं. सॉलिसिटरने अशिलाचं तोंडही पाहिलेलं नसतं.

कायदा तुम्हाला मी शिकवायला नको, पण त्यातली एक गाठ दाखवल्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही. 1928 साली ग्रीसच्या पात्रास बंदराजवळ लीसबॉश नावाचं गाळ उपसणारं जहाज दुसऱ्या जहाजाच्या चुकीने बुडालं. मालकांकडे नवं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी महागात भाड्याने आणलं. 1933 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, तुमची गरिबी हा तुमचा प्रश्न, तिचा खर्च समोरच्याकडून मागू नका. हे सत्तर वर्षं चाललं. 2000 साली डायमंड विरुद्ध लव्हेल. वाद उधारीच्या गाडीच्या भाड्याचा, रक्कम किती, तर 346 पौंड 63 पेन्स. निकालात लॉर्ड हॉफमन म्हणाले की उधारीची सोय, क्लेमची उस्तवार, वसुलीची जोखीम, हे भाड्यात मिसळलेले जादा फायदे आहेत. त्यांची भरपाई मिळणार नाही, बाजारातलं साधं रोजचं भाडं मिळेल. आणि 2003 साली लॅग्डन विरुद्ध ओ'कॉनर. लॅग्डन बेकार, तब्येतीने खचलेले, दहा वर्षं जुनी फोर्ड ग्रॅनाडा. तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं की ज्याच्याकडे पर्यायच नव्हता त्याला उधारीचं पूर्ण भाडं मिळालं पाहिजे. लीसबॉशचा नियम गेला.

मी तो निकाल छापून घेऊन घरी गेलो होतो आणि बायकोला वाचून दाखवला होता. गरिबाच्या बाजूने इतका स्वच्छ निकाल मी फार थोडा पाहिला आहे. पण त्याच दिवसापासून सगळा खेळ एका प्रश्नावर आला. या माणसाची ऐपत होती का?

आता काकूंची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही. मिडलंड्समधल्या एका गावात राहणाऱ्या, मूळच्या कऱ्हाडकडच्या, नवरा गेलेला, पस्तीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये नोकरी. राउंडअबाउटवर मागून धडक. सत्तेचाळीस दिवस भाड्याची गाडी, रोज 62 पौंड. समोरच्या विमा कंपनीने बाजारभावाचा पुरावा आणला, रोज 31. दीड वर्षाने केस काउंटी कोर्टात उभी राहिली. फाइल आमच्या फर्मकडे होती. त्यांच्या जबानीत कोणीतरी टाइप केलं होतं की स्वतःच्या पैशाने गाडी भाड्याने घेण्याची माझी ऐपत नव्हती. खाली त्यांची सही, सत्यतेच्या ग्वाहीसकट. ते वाक्य त्यांना कोणी मराठीत वाचून दाखवलं नव्हतं. मी कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर, सुनावणीच्या वीस मिनिटं आधी ते वाचून दाखवलं.

काकूंनी चष्मा काढला. पदराने पुसला, साडी नेसून आल्या होत्या त्या दिवशी. म्हणाल्या, "भाऊ, असं कसं लिवलं? माझी ऐपत न्हाई असं मी कुनाला म्हनलं?" बंडलमध्ये त्यांच्या बँकेची तीन महिन्यांची स्टेटमेंटं होती. समोरच्या बॅरिस्टरने पिवळ्या पेनने एकच ओळ रंगवली होती, बचत खात्यातली शिल्लक. अकरा हजार पौंडांच्या वर. कँटीनच्या पगारातून पै पै करून साठवलेले.

ते वाक्य तिथल्या तिथे मागे घेतलं. मग जज्जने त्यांना सरळ विचारलं, गाडी भाड्याने घ्यायला पैसे होते का? दुभाषी होती, पण काकूंनी इंग्रजीतच उत्तर दिलं. पैसे होते, पण कोणी मागितले नाहीत.

मित्रहो, त्या एका उत्तरात आपल्या धंद्याचं सगळं दुखणं आहे. त्यांच्याकडे पैसे होते. कोणी पहिल्या दिवशी विचारलं असतं, की काकू, रोजचे तीसेक पौंड भरून गाडी घ्याल का, ते पैसे नंतर समोरच्याकडून परत मागता येतील, तर त्यांनी पर्समधून कार्ड काढलं असतं. किंवा भाचीची गाडी वापरली असती. कायदा ऐपतीचा प्रश्न विचारतो, पण दीड वर्षाने, परक्या माणसांसमोर, शपथेवर. जज्जने रोज 31 पौंडच दिले. 1,457 पौंडांचा फरक राहिला. पुढच्या आठवड्यात काकू माझ्या ऑफिसात चेकबुक घेऊन आल्या. भाड्याने गाडी देणारी कंपनी अशा वेळी सहसा मागे लागत नाही, तुम्ही सहकार्य केलं आहे, असं मी समजावत होतो. त्या ऐकेनात. "सही माझी हाय ना? मग देनं माझंच." कंपनीने ते पैसे घेतले नाहीत. पण काकूंनी मला जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे कर्ज आहे, हे आधी का नाही सांगितलं?

दुपारच्या परिसंवादात आपले विमा कंपन्यांकडचे मित्र म्हणाले की ही उधारीवर गाडी देण्याची पद्धत, क्रेडिट हायर, बंदच करा. मी 1996 ते 2004 विमा कंपनीच्या क्लेम्स खात्यात बसलो आहे, तेव्हा मला हे म्हणणं आतून माहीत आहे. अपघातग्रस्ताला 'आमची गाडी घ्या' अशी पत्रं मीही पाठवली, आणि ती गाडी आम्हाला कितीला पडते हे एकाही पत्रात लिहिलं नाही. 2009 साली कोपली विरुद्ध लॉन या खटल्यात अपील कोर्टाने म्हटलं की किंमत न सांगता दिलेली अशी ऑफर नाकारली म्हणून माणूस चुकला, असं होत नाही. बरोबर म्हटलं. आणि बंद करायचं तर स्लाउच्या एका टॅक्सीवाल्याचं काय करायचं? जळगावकडचा पोरगा, तीन मुलं, गाडीचे हप्ते चालू. टॅक्सी म्हणून कुठलीही गाडी चालत नाही, कौन्सिलची प्लेट लागते. खात्यात 140 पौंड. उधारीची गाडी नसती तर त्याचं घर त्याच आठवड्यात बसलं असतं. 2019च्या हुसेन निकालापासून टॅक्सीवाल्याला आधी बुडालेल्या नफ्याचं माप लावतात, तरी काम सोडून बसणं ज्याला परवडतच नाही त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं आहे. लॅग्डन याच माणसासाठी आहे. बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्या घरी जाऊन यावं.

दावेदारांच्या बाजूचे मित्र म्हणतात, सगळं ठीक चाललंय, पैसे शेवटी विमा कंपनीच देते. त्यांना काकूंचं चेकबुक दाखवतो. स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने (सीएमए) सप्टेंबर 2014च्या अहवालात रोगाचं निदान नेमकं केलं होतं, खर्च ठरवणारा एक आणि भरणारा दुसरा, आणि औषध मात्र लिहून दिलं नाही. जखमेच्या दाव्यांवरचं दलालीचं कमिशन एप्रिल 2013 पासून बंद झालं. भाड्याची गाडी जोडून देणाऱ्या फोनवरचं चालूच आहे. म्हणून ती पलीकडची मुलगी इतक्या प्रेमाने बोलते. दोष तिचा नाही, तिच्या मागे बसलेल्यांचा आहे, आणि त्यांच्या पंक्तीला बसून आपण सगळे जेवलो आहोत. मीही.

माझं मागणं एकच आहे. माणसाच्या हातात चावी देण्याआधी ऐपतीचा प्रश्न विचारा. त्याच्या भाषेत विचारा. गाडी खरोखर हवी का, घरात दुसरी आहे का, रोजचं साधं भाडं कार्डावर भरता येईल का, आणि येत नसेल तर ही उधारी आहे, सही तुझी आहे, कोर्टात उभं राहायची वेळ तुझ्यावर येऊ शकते. पाच मिनिटांचं बोलणं आहे. करार घरी बसून केला असेल तर बहुतेक वेळा चौदा दिवसांत रद्द करता येतो, आणि तोवर वापरलेल्या दिवसांचं भाडं लागू शकतं, हेही त्याच पाच मिनिटांत सांगता येतं. 'तुला परवडत नाही असं मी लिहू का' हे आपल्या माणसाला विचारायला जड जातं, मला माहीत आहे. आपल्यात ऐपत काढणं हा अपमान समजतात. पण प्रश्न न विचारताच ते त्याच्या नावावर लिहून टाकणं, हा त्याहून मोठा अपमान आहे.

या परिषदेने एक पानी मराठी कागद काढावा असं मला वाटतं. देवळात, मंडळात, गॅरेजच्या काउंटरवर ठेवता येईल असा. मजकूर, खर्च, कोणाच्या नावाने छापायचा, हे कार्यकारिणीने ठरवावं. पुढच्या परिषदेपर्यंत काहीतरी हाती यावं एवढीच इच्छा. 'क्रेडिट हायर'ला त्यात मराठी शब्द कोणता वापरायचा यावर मी अडलो आहे. 'उसनी गाडी' म्हणावं तर उसन्याला भाडं नसतं. 'उधारीची गाडी' काकूंना लगेच कळलं असतं. विमा कंपनीकडचे एक आणि दावेदारांकडचे एक, असे दोघे मला मसुद्याला हवेत. चहाच्या वेळी मी खिडकीजवळच्या टेबलावर बसणार आहे, तिथे भेटा.