एचएमटी, गोंडाइट आणि तुमची पदवी

आजचे बोलणे यंदा पदवी घेतलेल्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्यातही भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरी, गोबरवाही, चिखला, डोंगरी बुजरुक या पट्ट्यातल्या. बाकीच्यांनी ऐकले तर हरकत नाही.

नागपूर विद्यापीठाची पदवी हाती आली की घरी पुढची वाट ठरलेली असते. पोलीस भरतीचा फॉर्म भर, तलाठ्याच्या जागा निघतात का बघ, नाहीतर मॉयलच्या मँगनीज खाणीत कोणाची ओळख निघते का विचार. आईवडिलांचे यात काही चुकत नाही. दीड-दोन एकर धानाच्या बांध्यांवर घर कसे चालते हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते. त्यामुळे नोकरी शोधू नका असे मी सांगणार नाही. जग बदला, असेही म्हणणार नाही. ते सांगणारे पाहुणे समारंभाला येतात आणि जेवून नागपूरला परत जातात. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचे आहे. ती तुम्हाला येते, आणि तिची किंमत तुम्हाला कोणी सांगितलेली नाही. ती गोष्ट म्हणजे पाहिलेले नीट लिहून ठेवणे.

आपल्या पायाखालच्या काळ्या दगडापासून सुरुवात करतो. मँगनीज आपल्याला लहानपणापासून ट्रकमध्ये भरलेले दिसते, म्हणून त्याचे नवल वाटत नाही. पण जगात कुठेही पोलाद करायचे तर मँगनीज लागते. डोंगरी बुजरुकच्या खनिजात मँगनीज डायऑक्साइडचे प्रमाण चांगले, म्हणून ते कोरड्या बॅटरीच्या कामाचे. त्यासाठीचा कारखानाही खाणीजवळच उभा राहिला. या सगळ्या खाणी आधी इंग्रजी कंपनीच्या होत्या. १९६२ साली त्यात सरकार आले आणि १९७७ मध्ये त्या पूर्णपणे सरकारच्या झाल्या. तीच आजची मॉयल.

आता हा दगड लिहून ठेवणाऱ्या एका माणसाकडे येतो. १९०२ साली लुईस ली फर्मर नावाचा एक तरुण 'भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण' या खात्यात नोकरीला लागला. वय बावीसच्या आतबाहेर, म्हणजे तुमच्याएवढेच. त्याने देशातले मँगनीजचे साठे अभ्यासायला घेतले, त्यात नागपूर, भंडारा, बालाघाटचा हा आपला पट्टा आला. १९०९ साली त्याचा जाडजूड ग्रंथ छापून आला. लालसर गार्नेट आणि गारगोटी मिळून झालेल्या, मँगनीजच्या सोबत सापडणाऱ्या एका खडकाला त्याने नाव दिले 'गोंडाइट'. इथल्या गोंडांवरून. आज जगातला भूशास्त्राचा विद्यार्थी ते नाव शिकतो. पलीकडे मध्य प्रदेशात तिरोडी आहे ना, तिच्या नावाचेही एक खनिज १९३८ मध्ये नोंदले गेले, 'तिरोडाइट'. आपल्यातले कितीजण तिरोडीला लग्नाकार्याला गेले असतील! त्या गावाचे नाव खनिजशास्त्राच्या पुस्तकात आहे हे शाळेत मला कोणी सांगितले नव्हते.

हे डोंगर फर्मरच्या आधीही इथेच होते आणि माणसे त्यांच्या अंगाखांद्यावर राहत होती. दगड कुठे काळा आहे, कुठे जड लागतो, हे त्यांच्या नजरेखालचेच. फर्मरने केले ते एवढेच, की चालत गेला, नमुना घेतला, जागा लिहिली, तुलना केली, छापले. त्यामागे साम्राज्याचे पैसे होते आणि माल बाहेर नेण्याची घाई होती, हे विसरायचे कारण नाही. पण लिहिण्याची रीत कोणाच्या मालकीची नसते. ती आता तुमच्याही हातात आहे.

आता दुसरा माणूस. हा आपलाच, धानाच्या मुलखातला.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली त्यांच्या बांधीत पटेल-३ हे धान होते. त्यात दोन-तीन लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या, दाण्याचा रंग निराळा. तुमच्या-माझ्या बांधीत असे झाले असते तर सगळे एकत्र कापून चुरणे झाले असते. दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या काढल्या, पिशवीत जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या आणि जनावरांनी खाऊ नये म्हणून भोवती काटेरी झुडपे रोवली. त्यानंतर दरवर्षी तेच. चांगले निवडायचे, बाकीचे टाकायचे, पुन्हा लावायचे. पाच-सहा हंगाम असे गेले. दाणा बारीक निघाला, उतारा चांगला पडला, भाताला चव आली. शेजाऱ्यांनी बियाणे मागून नेले.

१९९० च्या सुमारास ते धान बाजारात गेले, पण त्याला नाव नव्हते. तेव्हा एचएमटीच्या घड्याळाची चलती होती. आमच्या पिढीत जावयाला एचएमटी दिली की लग्न थाटाचे समजत. व्यापाऱ्याने धानाला तेच नाव ठेवले. आज एचएमटी तांदूळ किराणा दुकानात मागणाऱ्यांपैकी पुष्कळांना वाटते की त्या कंपनीचा तांदळाशी काही संबंध असावा! दादाजी तिथे थांबले नाहीत. डीआरके, नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, दीपक रत्न असे त्यांचे आणखी वाण आले. एचएमटी तर शेजारच्या राज्यांत पसरले. जगावर प्रभाव पाडणे म्हणतात ते हेच असेल, तर दीड एकरवाल्या माणसाने तो एकाही सभेला न जाता पाडला.

पुढचा भाग मात्र तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. १९९४ मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या, म्हणजे पीकेव्हीच्या, लोकांनी दादाजींकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण प्रसारित झाला. त्यावरून श्रेयाचा वाद झाला. विद्यापीठाचे म्हणणे, शुद्ध निवड आम्ही केली. दादाजींचे म्हणणे, मूळ माझे. मी त्या वादाचा निवाडा करणार नाही. पण एका बाजूला चाचणीचे तक्ते आणि शिक्के होते, दुसऱ्या बाजूला धान होते आणि ते पाहिलेले शेजारी. असा सामना बरोबरीचा होत नाही.

दादाजींचे नाव देशभर गेले ते कसे, हेही बघा. अहमदाबादच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने गावोगावच्या अशा शोधांच्या नोंदी करायला घेतल्या, त्यात हे काम आले. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते सन्मान झाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतले. कोणीतरी बसून, विचारून, लिहून काढले तेव्हा हे झाले. पैशाची ओढाताण मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले, गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेच्या रुग्णालयात.

मला राहून राहून वाटते, १९८३ च्या त्या हंगामात नांदेडमध्ये एखादा बी.ए. झालेला पोरगा रिकामा बसलेला असेलच. नोकरीची वाट पाहत. त्याने संध्याकाळी दादाजींच्या बांधीवर जाऊन तारीख, लोंब्यांची संख्या, झाडाची उंची, किती दिवसांत धान निसवले, एवढे जरी वहीत उतरवले असते आणि तलाठ्याला किंवा शाळेच्या गुरुजींना दाखवून खाली सही घेतली असती, तर? काम तासाभराचे. त्याला कोणी सांगितले नाही, एवढेच.

म्हणून शिकणे संपले असे पदवीच्या दिवशी धरू नका. शिकवणारे बदलले, इतकेच झाले. आता तुमचा शिक्षक तिसरी शिकलेला असेल. कदाचित ती रोवणीची बाई असेल, जिला परे हातात घेताच कळते की ते पोसलेले आहेत की नाहीत. खाणीत तीस वर्षे काढलेला तुमचा काका असेल. त्यांच्यासमोर साहेबासारखे उभे राहिलात तर ते काही सांगणार नाहीत. 'मामाजी, हे कसे ओळखता?' एवढे विचारून गप्प बसता आले पाहिजे. माझ्या अनुभवात पदवीधरांना सगळ्यात अवघड जाते ते हे गप्प बसणे.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने हे शिकणे सामूहिकपणे करून दाखवले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यास गट चालला. विषय घ्यायचा, जाणकाराला बोलवायचे, कायदा वाचायचा, निर्णय मात्र ग्रामसभेने एकमताने करायचा. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांना मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. मोर्चे अनेक गावे काढतात. कायद्याचे कलम वाचून बसलेली गावे थोडी.

आता नोकरीचे. भरतीची तयारी करा, पण तिला मुदत घाला. दोन वर्षे, फार तर तीन. पुण्याच्या पेठांत आणि नागपूरच्या अभ्यासिकांत तिशी उलटलेली हुशार मुले मी पाहिली आहेत. त्यांना जगातल्या सगळ्या नद्या पाठ आहेत आणि बावनथडीचे पाणी आपल्या गावच्या शेवटच्या बांधीपर्यंत कोणत्या तारखेला पोचते हे ठाऊक नाही. बावनथडीवरचा राजीव सागर प्रकल्प दोन राज्यांचा आहे, पाण्यावरून कुरबुर होणारच. चार हंगामांच्या तारखा वहीत असतील तर ती कुरबुर अर्ज होते. मेमध्ये विहिरीचे पाणी किती हातांवर जाते, मोह कधी गळायला लागला, तेंदूच्या पुड्याला काय भाव मिळाला, तुमच्या गावात अजून कोणते जुने धान कोण लावते. यातले एक काहीतरी धरा आणि सोडू नका. मुली हे जास्त नेटाने करतील असे माझे मत आहे. पटत नसेल तर मुलांनी खोटे ठरवावे.

शेवटचे सांगून थांबतो. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतः राखलेला किंवा शोधलेला वाण आपल्या नावावर नोंदवता येतो. त्याला फी माफ आहे. एकटा शेतकरी अर्ज करू शकतो, गावही करू शकते. हा वाण दुसऱ्यांपेक्षा वेगळा कसा, त्याची लक्षणे कोणती, तो आला कुठून, हे त्यात लिहावे लागते आणि बियाण्याचा नमुना द्यावा लागतो. तुमच्या गावात असे धान जपणारे एखादे म्हातारे माणूस असेल, तर रोवणीच्या आधी त्याच्याकडे जा. वही आणि मोजपट्टी सोबत ठेवा. भरतीच्या अभ्यासातून आठवड्याला एक संध्याकाळ काढली तरी हे काम भागते.