लावलेलीं झाडें आणि जगलेलीं झाडें

आजचा विषय झाडांचा आहे. परंतु झाडें कशीं लावावीं हें सांगण्यासाठीं मी येथें आलेलों नाहीं. झाडें लावण्यांत आपण सर्वजण आतां पुष्कळ तरबेज झालों आहों. लावलेलें झाड जगवावें कसें, आणि तेंही घरच्या घरीं, मोरीच्या पाण्यावर व केरकचऱ्यावर कसें जगवितां येतें, एवढेंच मला सांगावयाचें आहे. मी मॅट्रिक झालेला एक साधा शिक्षक. वनस्पतिशास्त्र मला येत नाहीं, पण त्रैराशिक येतें. आणि या विषयाला तेवढें पुरतें असा माझा अनुभव आहे.

आमचें केदारखेडें जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्यांत, पूर्णा नदीच्या कांठीं आहे. माझ्या लहानपणीं पर्यावरण हा शब्द आमच्या गांवांत कोणास ठाऊक नव्हता. १९७२ सालीं स्टॉकहोम येथें राष्ट्राराष्ट्रांची परिषद भरली, आणि त्याच वर्षीं ५ जून हा दिवस पर्यावरण दिन म्हणून पाळावा असें संयुक्त राष्ट्रांनीं ठरविलें. योगायोग असा कीं त्याच वर्षीं महाराष्ट्रांत मोठा दुष्काळ पडला. मी तेव्हां अकरा वर्षांचा होतों. स्टॉकहोमची वार्ता मला पुढें शिक्षक झाल्यावर पुस्तकांतून कळली. दुष्काळ मात्र डोळ्यांनीं पाहिला. मोठीं माणसें खडी फोडण्याच्या कामावर जात, आणि घरीं मिलो ज्वारीची तांबडी भाकरी होई.

त्या उन्हाळ्यांत माझ्या आईनें न्हाणींतला दगड उचलून परसांतल्या लिंबोणीजवळ मांडला. आम्हां भावंडांच्या अंगावर पडणारें तांब्या-दोन तांबे पाणी त्या दगडावरून थेट लिंबोणीच्या आळ्यांत उतरे. भाजी धुतलेलें पाणीही तिकडेच जाई. शेजारच्या बायका या चिक्कूपणास हंसत. दुष्काळ सरला तेव्हां आमच्या आळींतल्या परसांतून तेवढी एक लिंबोणी हिरवी उरली होती, आणि हंसणाऱ्या बायका लिंबें मागावयास आमच्याच दारीं येत. आईला अक्षरओळख नव्हती. तिनें पर्यावरण दिन कधीं पाळला नाहीं. तिनें एक झाड पाळलें.

आतां मला माझी स्वतःची एक चूक सांगावयाची आहे. १९५० सालीं कन्हैयालाल मुनशी यांनीं वनमहोत्सवाची प्रथा देशभर सुरू केली. हेतु अत्यंत उदात्त होता, आणि माझ्या नोकरीच्या सर्व काळांत आम्हीं ती प्रथा निष्ठेनें पाळली. दरवर्षीं जुलैमध्यें चाळीस खड्डे, चाळीस रोपें, फेरी, घोषणा आणि खाऊ. वर पाठवावयाच्या तक्त्यांत ‘लावलेल्या झाडांची संख्या’ या रकान्यांत चाळीस हा आंकडा मी माझ्याच हातानें, सुवाच्य अक्षरांत लिहीत असें. एका वर्षीं पांचवींतली एक मुलगी हातांत रोप घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, हा खड्डा तर मागच्याच साली खणला होता. त्यातलं झाड कुठं गेलं?”

श्रोतेहो, वर्गांत मला न येणारे प्रश्न पुष्कळ विचारले गेले; पण उत्तर ठाऊक असून तोंड उघडवलें नाहीं असा तो एकच प्रश्न. तें झाड वैशाखांत वाळून गेलें होतें. त्याच्या आधींच्या वर्षींचेंही तेथेंच वाळलें होतें. आम्ही चाळीस झाडें लावीत नव्हतों, तेच चाळीस खड्डे दरवर्षीं नव्यानें भरीत होतों.

हें दुखणें केवळ आमच्या शाळेचें होतें असें समजूं नये. महाराष्ट्र शासनानें २०१६ च्या १ जुलै रोजीं एका दिवसांत दोन कोटि झाडें लावण्याचा संकल्प केला. २०१७ सालीं चार कोटि, २०१८ सालीं तेरा कोटि आणि २०१९ सालीं तेहतीस कोटि असें उद्दिष्ट वाढत गेलें. संकल्प मोठा असावा, त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु कोटींचा आंकडा सरकार लिहूं शकतें. प्रत्येक रोपाच्या मुळाशीं तांब्याभर पाणी ओतण्यास मात्र माणूसच लागतो.

त्या वर्षीं आम्हीं चाळीस रोपें लावण्याचें रद्द केलें. कडुनिंब, करंज, जांभूळ अशीं सात रोपें निवडलीं. पाण्याचा हिशेब मुलांनींच मांडला. शाळेंत दुपारचा पोषण आहार होई. शंभरावर मुलें हात आणि ताटें धूत. प्रत्येकाचें एक लिटर पाणी सांडलें असें धरलें तरी रोज शंभर लिटर पाणी नळाखालीं चिखल करून जात होतें. त्या पाण्याला आम्हीं एक चर खणून दिला आणि तो आळ्यांपर्यंत नेला. उष्टें-खरकटें वेगळ्या खड्ड्यांत टाकून त्यावर पालापाचोळा व माती पसरूं लागलों. पुढल्या पावसाळ्यांत त्याचें काळें, भुसभुशीत खत झालें.

खरी परीक्षा मे महिन्यांत होती, कारण तेव्हां शाळेला सुटी असते. म्हणून सात रोपें सात घरांस वांटून दिलीं. प्रत्येक रोपाजवळ एक न रंगविलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरलें. मडक्यांत पाणी भरून वर झांकण ठेवलें कीं तें पाणी भांड्याच्या अंगांतून हळूहळू पाझरतें व मुळांस मिळतें. उन्हानें उडून जात नाहीं. आळ्यांत वीतभर पाचोळा अंथरला. मृग लागण्याच्या सुमारास मोजदाद केली, तों पांच रोपें जिवंत होतीं. एक शेळीनें खाल्लें होतें. दुसरें जें वाळलें तें माझ्या वाट्याचें होतें. मी पंधरा दिवस लेकीकडे गेलों आणि मडकें भरण्यास कोणास सांगावयाचें विसरलों. त्या वर्षीं तक्त्यांत मीं सात लावलीं व पांच जगलीं असें लिहिलें. संख्या इतकी कमी कां, अशी विचारणा आली. उत्तरांत मीं लिहिलें कीं यंदा प्रथमच खरी संख्या कळवीत आहें. पुढें कांहीं विचारणा झाली नाहीं.

शहरांतील श्रोते म्हणतील, गुरुजी, आमच्यापाशीं ना परसूं, ना लिंबोणी. त्यांच्यासाठीं आतां त्रैराशिक मांडतों. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्यें खेड्यांतील माणसास रोज ५५ लिटर पाणी असें प्रमाण धरलें. शहरासाठीं १३५ लिटर हें प्रमाण धरण्याची रूढि आहे. म्हणजे पांच माणसांच्या शहरी कुटुंबास रोज ६७५ लिटर. वापरलेल्या पाण्याचे सुमारें चार पंचमांश सांडपाणी होतें असें इंजिनियर लोक धरतात. म्हणजे ५४० लिटर. आतां रोपट्यास उन्हाळ्यांत आठवड्यांतून दोन वेळां दहा-दहा लिटर पाणी मिळालें तर तें तग धरतें असा माझा अनुभव आहे. तेव्हां आपल्या घरच्या केवळ एका दिवसाच्या सांडपाण्यांत सत्तावीस रोपांची एका आठवड्याची तहान भागते. सत्तावीस राहूं द्या. मी आपणांपाशीं एकच मागत आहें.

नळाचा थेंब हीही अशीच गोष्ट. सेकंदास एक थेंब पडत असेल तर दिवसांत ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरांहून अधिक पाणी वाहून जातें. एका वायसरच्या किंमतींत तें वांचतें. पावसाचा हिशेब याहून सोपा: एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरांच्या गच्चीवर वर्षांत ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर तीस हजार लिटर झालें. तें आपण गटारांत सोडतों आणि चैत्रांत टँकरची वाट पाहतों. २०१६ च्या एप्रिलमध्यें लातूरकरांसाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें, हें आपण विसरलों नसालच.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेलें पाणी झाडांस उत्तम. आंघोळीचें पाणी मोठ्या झाडांस चालतें. कच्च्या खाण्याच्या पालेभाजीस तें घालूं नये. कपडे धुण्याच्या पुडीचें दाट फेसाळ पाणी अजिबात घालूं नये, कारण त्यांतील क्षारांनीं माती आवळते. खळबळण्याचें शेवटचें पाणी घालण्यास हरकत नाहीं. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतून जें टाकाऊ पाणी येतें तें खारट असतें. तें फरशी पुसण्याकडे लावावें. सांडपाणी एका दिवसाहून अधिक सांठवूं नये, आणि आठवड्यांतून एक दिवस सर्व भांडीं रिकामीं करून कोरडीं ठेवावीं, म्हणजे डांसांची वाढ होत नाहीं. अंगण असेल तर मोरीच्या तोंडाशीं केळ, कर्दळ किंवा अळू लावावें. आणि तेवढीही जागा नसेल तर शोषखड्डा करावा. नांदेड जिल्ह्यांतील हिमायतनगर तालुक्यांत टेंभुर्णी गांवानें घरोघर शोषखड्डे करून गटारें आणि डांस हे दोन्ही घालविले, आणि ती पद्धति पुढें ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून प्रसिद्ध झाली.

पालापाचोळ्याविषयींही एक विनंति आहे. शहरांतून सकाळीं पानें झाडून पेटवून देतात. यांत धूर आपल्या फुप्फुसांत जातो आणि झाडाचें पांघरूण जळतें तें वेगळेंच. तींच पानें झाडाच्या बुडाशीं पसरलीं तर ओल टिकते, आणि वर्षानें त्यांची माती होते. बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर असलें तरी इमारतीच्या फाटकाशीं एखादें झाड असतेंच. त्याच्या बुंध्याभोंवतीं सिमेंट थापलेलें असेल तर तेवढें काढून आळें मोकळें करवावें, आणि तें झाड आपलें मानावें.

एवढ्याशा पाण्यानें काय होणार, असें वाटत असेल तर आमच्याच जिल्ह्यांतलें कडवंची गांव आठवावें. १९९६ नंतर तेथें पाणलोटाचीं कामें झालीं. खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखालीं लोकांनीं उतारावर बांध घातले, पुढें शेततळीं खणलीं. पाऊस तोच, जमीनही तीच. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना जिल्हा होरपळत असतां कडवंचीनें आपल्या द्राक्षबागा राखल्या. त्यांनीं पावसाचें पाणी शिवाराबाहेर जाऊं दिलें नाहीं. माझ्या आईनें न्हाणीचें पाणी परसाबाहेर जाऊं दिलें नाहीं. दोहोंत लहान-मोठेपणाचा फरक आहे, तत्त्वाचा नाहीं.

शेवटीं सणांविषयीं दोन शब्द. वटपौर्णिमेस आपण वडाच्या तोडलेल्या फांद्या विकत आणून पूजितों, आणि दसऱ्यास आपट्याचीं झाडें ओरबाडतों. ज्याची पूजा करावयाची त्याचीच तोड करावी, हें आपल्या पूर्वजांच्या मनांत खचित नसावें. उलट त्यांनीं लावून दिलेली एक रीत आपल्या कामीं येण्याजोगी आहे. अक्षय्य तृतीयेस पितरांच्या नांवें पाण्यानें भरलेला घट देतात. लावलेलीं झाडें मरतात तीं नेमकीं याच वैशाखांत. त्या दिवशीं एक घट झाडाच्या मुळाशीं ठेवला तर पितरांस तो पोंचणार नाहीं असें कोणतेंही शास्त्र म्हणणार नाहीं. मीं तर गेलीं कांहीं वर्षें आईच्या नांवाचा घट लिंबोणीलाच घालण्याचा परिपाठ ठेवला आहे.

आणि ५ जून हा दिवस झाडें लावण्याचा न मानतां झाडें मोजण्याचा मानावा. दोन-तीन दिवसांनीं मृग लागतो. म्हणजे ५ जूनला जें झाड हिरवें आहे तें उन्हाळ्यांतून पार पडलें. त्याचा उत्सव करावा, मुलांस गोडधोड द्यावें, आणि मग मृगाच्या पावसावर एकच नवें रोप लावावें. आपल्या घरीं त्या दिवशीं मुलांनीं विचारलें, मागच्या सालचें झाड कुठं आहे, तर आपणांस त्यांचा हात धरून तें दाखवितां यावें. मला तें दाखवितां आलें नव्हतें. आपणांवर ती वेळ न येवो, एवढी इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतों.