वस्तूची परीक्षा

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. एखादी कंपनी आपला माल साध्या माणसाला वापरता येतो की नाही हे कसे तपासते आणि त्या तपासणीला सगळ्या कंपनीला एकत्र कसे बसवावे, हा तो विषय. इंग्रजीत याला ‘युजेबिलिटी टेस्टिंग’ म्हणतात. आपण वापरसुलभतेची चाचणी म्हणू. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत नोकरीला लागणारी आपली मुले आता थोडीथोडकी नाहीत, त्यांना या कामाची ओळख असावी हा एक हेतू. दुसरा हेतू पालकांसाठी आहे. बँकेच्या मशीनपुढे किंवा मोबाइलवरच्या एखाद्या अर्जापुढे अडलेला बाप “आम्ही अडाणी, आम्हांला काय जमणार” असे म्हणून मुलाच्या हातात फोन देतो आणि बाजूला होतो. त्याने ही हकीकत अवश्य ऐकावी.

आपण ज्याला सर्रास ‘झेरॉक्स’ म्हणतो ते मुळात एका अमेरिकन कंपनीचे नाव आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. या कंपनीने एक मोठे यंत्र बाजारात आणले. त्यावर एक ठळक हिरवे बटण होते. ते दाबले की काम झाले, अशी त्याची ख्याती करण्यात आली होती. परंतु गिऱ्हाइकांच्या तक्रारी येऊ लागल्या की यंत्र भारी किचकट आहे. कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात ल्यूसी सचमन नावाच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासिका काम करीत होत्या. त्यांनी यंत्रापुढे माणसे उभी केली, त्यांना कॉपी काढण्याचे काम दिले आणि त्यांची धडपड कॅमेऱ्यात टिपली. त्यांतल्या एका चित्रफितीत दोन गृहस्थ पाठपोट कागदाच्या कॉपी काढण्यासाठी झगडताना दिसतात. यंत्र एक सांगते, हे दुसरेच समजतात, आणि दोघेही गोंधळून एकमेकांकडे पाहतात. हे दोघे कोण होते? एक रॉन कॅप्लन, संगणक आणि भाषा या विषयांतले जाणकार. दुसरे ॲलन न्यूवेल, संगणकशास्त्रातला सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९७५ साली ज्यांना विभागून मिळाला ते!

आता मला सांगा, न्यूवेल साहेबांना अडाणी कोण म्हणेल?

माणूस अडला की दोष माणसाचा, असे आपण धरून चालतो. ज्यांनी वस्तू केली त्यांनाही तेच सोयीचे असते. वापरसुलभतेची चाचणी या समजुतीला उलटे करते. तिथे परीक्षा वस्तूची असते आणि माणूस असतो परीक्षक. ही एक गोष्ट पक्की झाली की बाकीचे सारे नियोजन आपोआप त्यातून निघते.

याची परंपरा संगणकापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९४५ साली जॉन कार्लिन नावाचे मानसशास्त्रज्ञ दाखल झाले. पुढे चकती फिरवण्याऐवजी बटणे असलेला फोन करायचे ठरले, तेव्हा आकडे कसे मांडावेत हा प्रश्न आला. कार्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या मांडण्या माणसांच्या हाती देऊन पाहिल्या. किती वेळ लागतो, किती चुका होतात हे मोजले. नोव्हेंबर १९६३ मध्ये तो फोन लोकांना मिळू लागला. त्यात वरच्या ओळीत १, २, ३ आहेत. विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर मोबाइलमधला फोन लावायचा पडदा उघडा आणि मग त्याच मोबाइलमधले कॅल्क्युलेटर उघडा. एकात १ वर आहे, दुसऱ्यात ७ वर आहे. पहिल्या मांडणीमागे साठ वर्षांपूर्वीच्या त्या चाचण्या उभ्या आहेत.

याच कार्लिन यांच्याविषयी एक गमतीची हकीकत सांगतात. फोनची दोरी किती लांब हवी, हे कुणाला विचारले तर तो म्हणणार, जेवढी लांब तेवढी बरी. म्हणून त्यांनी कचेरीतल्या सहकाऱ्यांच्या फोनच्या दोऱ्या गुपचूप इंच-इंच कमी करायला लावल्या. जवळजवळ फूटभर दोरी जाईपर्यंत कुणाच्या लक्षातही आले नाही! आजच्या काळात असे न सांगता करणे शोभणार नाही, ते असो. परंतु माणूस काय सांगतो आणि प्रत्यक्ष काय करतो यांत अंतर असते. म्हणून ‘हे तुम्हांला आवडले का?’ असे विचारणाऱ्या कागदाला चाचणी म्हणता येत नाही. काम द्यायचे आणि पाहायचे.

आता नियोजनाकडे वळू. समजा, साठ माणसांची एक कंपनी आहे आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याचे एक ॲप ती तयार करीत आहे. सर्व कंपनीसमोर त्याची चाचणी घ्यायची आहे.

वापरून पाहायला माणसे किती बोलवावीत? लोकांना वाटते शंभर तरी हवीत. या क्षेत्रातले प्रसिद्ध जाणकार जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिले की पाच माणसांत सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. हा आकडा सरासरीचा आहे, त्यावर पुढे वादही झाले, तेव्हा तो पाठ करून ठेवू नये. स्टीव्ह क्रुग नावाचे दुसरे लेखक तर महिन्यातून एक सकाळ आणि तीन माणसे एवढ्यावरच भागवा म्हणतात. मला क्रुग यांचे म्हणणे जास्त पटते. तीन माणसांत जेवढे दोष सापडतील तेवढे दुरुस्त करायलाच कंपनीला महिना पुरत नाही. बोलवावीत मात्र चार, कारण एखादा ऐनवेळी येत नाही. आणि ती कंपनीतल्या कुणाची मेहुणा-मेहुणी नसावीत; ओळखीचा माणूस भिडेखातर गोड बोलतो. एक भाजीवाले चाचा, एक शिवणकाम करणारी बाई, एक निवृत्त कारकून, ज्यांच्यासाठी ते ॲप आहे अशी माणसे शोधावीत. त्यांचा दिवस मोडतो म्हणून योग्य मोबदला द्यावा. चित्रण करणार असाल तर साध्या भाषेत लिहून संमती घ्यावी. आणि त्यांचे स्वतःचे पैसे वापरू नयेत, चाचणीपुरते खोटे खाते ठेवावे.

यानंतर कामांची यादी. इथे आम्हा मास्तर लोकांचा अनुभव उपयोगी पडावा. ॲपमधल्या बटणावर ‘ट्रान्सफर’ असे लिहिले आहे, आणि तुम्ही सांगितले की ‘आता पैसे ट्रान्सफर करा’, तर तो माणूस तोच शब्द शोधून बटण दाबील. हे पेपर फोडण्यासारखेच झाले. त्याऐवजी सांगावे: ‘तुमच्या बहिणीला ईदसाठी पाचशे रुपये पाठवायचे आहेत, तिचा फोन नंबर हा आहे.’ मग बघावे, तो कुठे जातो. अशी तीन-चार कामे पुरेत. आदल्या दिवशी एकावर रंगीत तालीम घ्यावी, म्हणजे कागदात चूक असेल, वायर लागत नसेल, तर तिथेच कळते.

चाचणीच्या खोलीत दोघेच असावेत, वापरणारा आणि चाचणी घेणारा. सुरुवातीला त्याला स्पष्ट सांगावे: “ही तुमची परीक्षा नाही. परीक्षा या ॲपची आहे. कुठे अडलात तर तो आमचा दोष, आणि तोच आम्हांला शोधायचा आहे. मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा.” हे मोठ्याने बोलायला लावण्याचे तंत्र आय.बी.एम. कंपनीतील क्लेटन लुइस यांनी १९८२ साली या कामासाठी मांडले. त्यानंतर चाचणी घेणाऱ्याने गप्प बसावे. माणसाने विचारले, “हे दाबू का?” तर उत्तर द्यावे, “तुम्ही घरी असता तर काय केले असते?” हे बोलायला सोपे आहे. समोरचा माणूस चुकीच्या जागी पाच वेळा बोट लावीत असताना आपला हात आवरणे किती कठीण जाते, ते फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलाला उत्तर सांगून टाकणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. म्हणून ज्याने ॲप तयार केले त्याला त्या खोलीत मुळीच बसवू नये.

त्याने बसायचे ते हॉलमध्ये. तिथे मोठ्या पडद्यावर मोबाइलचे चित्र आणि त्या माणसाचा आवाज येत असतो, आणि कंपनीतले सगळे पाहत असतात: प्रोग्रॅमर, हिशेबनीस, जाहिरातवाले, तक्रारीचे फोन घेणारी मुलगी. ‘सगळी कंपनी’ याला मी इतके महत्त्व का देतो? वीस पानी अहवाल लिहिला तर तो टेबलाच्या खणात जातो, किंवा “ते लोकच तसले होते” म्हणून उडवून लावला जातो. परंतु तक्रारीचे फोन घेणारी मुलगी जे वर्षभर सांगत होती आणि कुणी ऐकत नव्हते, तेच साठ जणांनी एका वेळी डोळ्यांनी पाहिले की वाद संपतो. मालकाने तीनही चाचण्यांना शेवटपर्यंत बसावे. तो उठला की पाठोपाठ निम्मा हॉल उठतो. चहा-वड्यांची सोय ठेवावी, त्याने माणसे टिकतात. आणि एक नियम कडक असावा: कुणीही हसायचे नाही. आवाज पलीकडच्या खोलीत जात नसला तरीही नाही.

साडेनऊ, साडेदहा, साडेअकरा अशा तीन चाचण्या, प्रत्येकी पाऊण तासाच्या. दर चाचणीनंतर प्रत्येकाने आपल्याला दिसलेल्या तीन मोठ्या अडचणी चिठ्ठीवर लिहाव्यात. ‘मला रंग आवडला नाही’ असले लिहू नये. ‘दुसऱ्या बाईंना परतीचा रस्ता सापडला नाही’ असे लिहावे. एक वाजता जेवताना चिठ्ठ्या वाचायच्या, सर्वांत गंभीर अडचणी निवडायच्या आणि कोण काय दुरुस्त करणार ते तिथेच ठरवायचे. पुढच्या महिन्यात नवी माणसे, दुरुस्त केलेली वस्तू.

हे सारे नीट केले तर काय होते त्याचा एक दाखला देतो. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिक सामने झाले. आय.बी.एम.ने खेळाडूंसाठी आवाजी निरोपांची व्यवस्था केली होती; घरच्यांनी परदेशातून फोन करून निरोप ठेवायचा आणि खेळाडूने ऑलिंपिक ग्राममधल्या यंत्रावर तो ऐकायचा. बारा भाषांतून हे चालणार होते. जॉन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रॅम लिहिण्याआधी वापरणाऱ्यांसाठीची माहितीपत्रके लिहून लोकांना दाखवली. यंत्राचा नुसता पोकळ सांगाडा प्रयोगशाळेच्या वाटेत उभा केला. येणारे-जाणारे थांबत, बोलत, सुचवीत. ओळखीचे-अनोळखीचे, शिपाई-साहेब, सगळ्यांचे ऐकले जाई. पुढे तर विद्यार्थ्यांना बोलावून ‘हे मोडून दाखवा’ असेही सांगितले. दर वेळी जे अडले ते बदलले. सामन्यांच्या काळात ती व्यवस्था चाळीस हजारांहून अधिक वेळा वापरली गेली.

शेवटी एक सूचना, अध्यक्ष साहेबांच्या परवानगीने. आपल्या शाळेचा प्रवेश-अर्ज चार पानी आहे आणि दर जूनमध्ये तो भरून देण्यासाठी पालक कुणाची तरी विनवणी करीत व्हरांड्यात उभे असतात. नववीच्या मुलांनी यंदा सुट्टी लागण्यापूर्वी तीन पालकांना बोलावून त्या अर्जाची चाचणी घ्यावी. ऑफिसमधील मंडळी, आम्ही शिक्षक आणि संस्थेचे सभासद मागच्या बाकांवर गप्प बसून पाहू. वड्यांचा खर्च माझ्याकडे.