कॉलऱ्याचं विष आणि हाजी मोहसिन यांचा वक्फ



मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. तरी आज एका वैद्यकीय शास्त्रज्ञाबद्दल बोलणार आहे. शंभुनाथ डे हे नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. बरं, हरकत नाही. ते हयात असताना आपल्या देशात फारसे हात वर झाले नसते.

डे यांचा जन्म १९१५ साली बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यात झाला. घरची परिस्थिती बेताची. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून हुगळी मोहसिन कॉलेजात शिकता आलं. पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेज, मग लंडनला पीएचडी. १९४९ मध्ये ती पूर्ण करून ते कलकत्त्याला परतले आणि कॉलऱ्याच्या मागे लागले.

कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ सालीच ओळखला होता. हा जंतू विष सोडत असावा, असा त्यांचा अंदाज होता. पण ते विष पंचाहत्तर वर्षं कुणाला नीट दाखवता आलं नाही. संशोधक प्राण्यांच्या शिरेत किंवा पोटाच्या पोकळीत अर्क टोचत, आणि माणसाला होतात तसे तांदळाच्या धुवणासारखे जुलाब काही होत नसत. आमच्या धंद्यात सांगायचं तर बग एका फाइलमध्ये आणि शोध दुसऱ्याच फाइलमध्ये!

डे यांनी विचार केला, पाणी आतड्यात सुटतं, तर आतड्यातच बघू. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा त्यांनी दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि त्यात जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो पाण्याने टम्म फुगला होता. हा निबंध १९५३ सालचा. मग त्यांनी जंतू गाळून बाजूला काढले आणि नुसतं गाळलेलं द्रव सोडलं. आतडं तरीही फुगलं. म्हणजे विष त्या द्रवात होतं. १९५९ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. त्याच वर्षी आपल्या परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनीही सशाच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून कॉलऱ्याच्या विषाबद्दल लिहिलं.

डे यांच्या निबंधाकडे सुरुवातीला फारसं कुणी पाहिलं नाही. पुढे मात्र जगभरच्या प्रयोगशाळा त्यांची आतडं बांधायची पद्धत वापरू लागल्या. १९६९ मध्ये ते विष शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं. कोणता निबंध कुणी आधाराला घेतला याची मोजदाद सुरू करणारे युजीन गारफिल्ड यांनी १९८६ मध्ये डे यांच्या प्रभावावर खास लेख लिहिला. गुगलच्या क्रमवारीची मूळ कल्पनाही याच मोजदादीशी नातं सांगते. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. पण गारफिल्ड यांचा लेख येण्याच्या आदल्याच वर्षी डे वारले होते. भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं नव्हतं.

त्या मोजदादीत न मावणारा हिशेबही आहे. कॉलऱ्यात आतड्याचं अस्तर नष्ट होत नाही, विषामुळे पाणी झिरपतं, हे हळूहळू स्पष्ट झालं. मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे दिलं तर ते शोषलं जातं, हे १९६८ मध्ये ढाक्यात रुग्णांवर दिसलं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी तेच पाणी पिंपांतून वाटलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज ते पाकीट प्रत्येक मेडिकलमध्ये मिळतं.

आता त्या कॉलेजच्या नावाकडे वळू. हाजी मुहम्मद मोहसिन यांनी १८०६ साली आपली मालमत्ता वक्फ केली. त्या निधीतून १८३६ मध्ये कॉलेज उभं राहिलं, सर्व धर्मांच्या मुलांसाठी. शंभर वर्षांनी त्याच कॉलेजात डे शिकले. आपला पैसा कुठवर पोहोचेल, हे हाजीसाहेबांना कसं कळणार होतं?

आपल्या गावातही जकातीचा निधी असतो, ट्रस्ट असतात, शिष्यवृत्त्या असतात. त्या बहुतेक लवकर नोकरी देणाऱ्या कोर्सना जातात. त्याची गरज आहेच, मी स्वतः त्याच रांगेतला. पण प्रयोगशाळेत पाच-सात वर्षं काढू इच्छिणारी एखादी मुलगी आली, तर आपण तिला 'पगार किती?' विचारून परत पाठवतो. या वर्षी आपापल्या ट्रस्टच्या बैठकीत जा आणि एक तरी शिष्यवृत्ती संशोधनासाठी राखून ठेवा, असा ठराव मांडा. मंजूर झाला नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा मांडा.